‘साभार : इंटरनेट’ हे कुणाचे नाव?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत हल्लीची मुले काढतात त्या ‘फॅन आर्ट’वर टीका करणारा लेख आला आहे. दुसऱ्याने घडवलेली पात्रे उचलायची, परदेशी राक्षस आणि यंत्रमानव रंगवत बसायचे, वर त्याला कला म्हणायचे, ही उचलेगिरी आहे, असा लेखाचा सूर. लेखकांचा रोख ज्यांच्यावर आहे त्यांतली मी एक. वय ४३, मुक्काम जयसिंगपूर. तेव्हा उत्तर द्यायला बसले. पण लेखाशी माझे भांडण अर्धेच आहे. उरलेले अर्धे लेखावर छापलेल्या चित्राशी आहे, आणि ते जास्त कडू आहे म्हणून आधी तेच.

चित्र चांगले अर्ध्या पानाचे होते. पावसातला बाजार, ताडपत्रीखाली बसलेली म्हातारी यंत्रबाई, तिच्यापुढे परातीत मांडलेले यंत्रांचे सुटे डोळे, आणि त्यातला एक डोळा उचलून उजेडाकडे धरून बघणारे पोर. खाली बारीक अक्षरांत : ‘चित्र साभार : इंटरनेट’. म्हणजे उचलेगिरीवर लेख, आणि लेखाच्या डोक्यावर उचललेले चित्र. हे कुणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. पाने लावायची घाई असते, जागा भरायची असते, हे मी जवळून पाहिले आहे. रोजच्या सवयीने झाले असणार, आणि सवय झाली आहे म्हणूनच लिहिते आहे.

यंत्रबाईच्या डाव्या खांद्याचा सांधा मला ओळखीचा वाटला. चित्रकाराचा हात अशाच ठिकाणी कळतो. चेहरे सगळेच जपून काढतात. कोपर, सांधा, चपलेचा अंगठा इथे माणूस सापडतो. हा सांधा मी आधी कुठेतरी पाहिला होता. पानाचा फोटो काढला आणि चित्रावरून चित्र शोधायला बसले. पहिला तास भिंतीवर लावायची चित्रे विकणाऱ्या दुकानांत गेला, एकाकडेही नाव नाही. मग तेच चित्र कुणाच्या तरी गाण्याच्या मुखपृष्ठावर, कुणाच्या तरी कवितेखाली. रात्री साडेअकराला चित्राचे मूळ घर सापडले. इंडोनेशियातल्या एका मुलीने ते चार वर्षांपूर्वी काढले आहे. मूळ चित्रात उजव्या हाताला खाली तिची सही आहे. आपल्या पानावर नेमका तो कोपरा नाही, कारण तिथे लेखाचा चौथा रकाना उतरतो.

तीन तास लागले हे खरे. पण माझ्याकडे साधा फोन आहे आणि तुमच्याकडे वर्तमानपत्राचे ऑफिस आहे.

आता माझ्याविषयी थोडे, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. कोल्हापुरात जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका केली. दिवसा जे काढते त्यात कल्पनेला वाव नसतो : गाईडमधली पचनसंस्था, बालवाडीच्या भिंतीवरचा ससा, लग्नपत्रिकेवरचा गणपती. हृदयाला चारच कप्पे काढावे लागतात. रात्री जेवणे उरकली की माझे दुसरे दुकान उघडते. त्यात उडणारी गलबते, पाण्याखालची गावे, शेपूट असलेले पोस्टमन. पूर्वी कार्ट्रिज पेपर, टाक आणि वॉटरप्रूफ शाई. गेली सहा वर्षे पेन टॅबलेट. काढलेले नऊ वर्षांपासून फोनवरून लोकांसमोर ठेवते आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत. मिळावेत म्हणून काढतही नाही.

लेखकांनी विचारले आहे की या मुलांना स्वतःचे काही सुचत नाही का. मला तिसरीत काय सुचत होते ते सांगते. आजोळी माळ्यावर ‘चांदोबा’चे जुने अंक होते, दाभणाने शिवून गठ्ठा केलेले. त्यात विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालला आहे, हातात उपसलेली तलवार, ते चित्र. मराठी वाचणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत ते बसलेले आहे. काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. तिसरीतल्या मला यातले काही माहीत नव्हते. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी ते चित्र उतरवले. प्रेत, कवट्या, झाडाच्या पारंब्या, आणि कोपऱ्यात त्यांची सहीसुद्धा. मला वाटले सही हा चित्राचाच भाग, एखादे वाळके पान असावे तसा.

ते पान मी पाचवीत आमच्या चित्रकलेच्या सरांना मोठ्या तोऱ्यात दाखवले. सरांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, “पारंब्या छान. पण ही सही तुझी आहे का?” नाही म्हटले. “मग ती खोड. आणि खाली लिही, शंकर यांच्या चित्रावरून. आणि मग तुझे नाव लिही.” मी रबराने सही खोडली. कागद तिथे जरा फाटलाच. त्या फाटलेल्या जागेखाली मी लिहिले : ‘शंकर यांच्या चित्रावरून’. माझे आजवरचे सगळे फॅन आर्ट या एका शब्दावर उभे आहे. ‘वरून’. फॅन आर्ट हा शब्द आमच्या गावात यायच्या कितीतरी आधी सरांनी त्याचा कायदा सांगून ठेवला होता.

याच सरांचे आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालली होती. स्मरणचित्राला विषय दिला ‘एसटी स्टँड’. मी एसटीला पंख काढले आणि ती शेडच्या वर दोन पुरुष उंच काढली. वर्गात हशा. सर हसले नाहीत. “उडव की,” म्हणाले, “पण खाली तिची सावली पाड. सावली नसली तर उडालेली दिसणार नाही, चिकटवलेली दिसेल.” परीक्षेत मात्र गाडी जमिनीवरच ठेवली, कारण ‘ए’ ग्रेड हवी होती. पण कल्पनेतले चित्र कसे काढायचे याबद्दल यापेक्षा उपयोगाचे वाक्य मला पुढे कॉलेजातही कुणी सांगितले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शिरोळ तालुक्यात महापूर आला. कृष्णा, पंचगंगा सगळ्या एक झाल्या. गावेच्या गावे पाण्यात, बोटीतून माणसे काढत होते आणि माणसे निघायला तयार नव्हती, कारण दावणीला म्हशी होत्या. म्हशीला बोटीत कोण घेणार? आमच्या ओळखीतली एक आजी दावे हातात धरून माडीवर बसून राहिली होती. पूर ओसरल्यावर वर्षभर ते दावे माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटी त्याचे चित्र खिद्रापुरात सापडले. आमच्यापासून लांब नाही. कोपेश्वराचे मंदिर बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या वेळचे. गाभाऱ्याच्या आधी सभामंडप आणि त्याच्याही पुढे स्वर्गमंडप : ४८ खांब, आणि मधोमध छत नाहीच. सुमारे १३ फुटांचे गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा. त्रिपुरारी पौर्णिमेला त्या गोलातून चंद्र बघायला माणसे जमतात. मी भर दुपारी गेले होते. उन्हाची गोल चकती शिळेवर पडली होती आणि हळूहळू सरकत होती. मला वाटले, इथून एखादी म्हैस सहज वर जाईल.

त्या चित्रासाठी तीन वेळा खिद्रापूरला गेले. तिथल्या राखणदारांना माझा संशय यायला लागला. “बाई, मोजमाप कसलं घेताय?” मी म्हटले, म्हैस बसते का बघते. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर शेजारच्या गोठ्यात गेले, पोटाखाली पट्टा घालून जनावर उचलले तर पाय कसे राहतात ते गवळीमामांना विचारले. ते म्हणाले, “लोंबत्यात की. आणि मान पुढं ताणतंय, डोळं पांढरं करतंय.” तसेच काढले. वर गोलाच्या तोंडाशी यानाचे पोट, तांब्याच्या घंगाळासारखे, ठोके पडलेले. त्यातून उतरलेला उजेडाचा खांब. त्या उजेडात पट्ट्याने वर चाललेली म्हैस. खाली गुडघाभर पाण्यात आजी, दाव्याचे टोक हातात, सोडायला तयार नाही. दावे ताणले गेले आहे. पाण्यावर यानाची सावली आहे, आणि सावलीच्या आत म्हशीची छोटी सावली. सर, ती मी विसरले नाही.

चित्राला एक महिना लागला. कोपऱ्यात नाव लिहिले, आणि खांबाजवळ काढलेल्या दगडी हत्तीच्या सोंडेवर नेहमीप्रमाणे मुंगी काढली. ही मुंगी माझी खूण आहे. मुक्ताईच्या अभंगात आभाळात उडून सूर्य गिळणारी मुंगी आहे ना, तिची ही नात. मी चित्र लोकांपुढे ठेवले की आठवी-नववीतली पोरे आधी मुंगी शोधतात आणि मग चित्र बघतात.

गेल्या वर्षी भाजी घ्यायला निघाले तर चौकात फ्लेक्स. २० बाय १० फुटांचा. मागे स्वर्गमंडप, वर घंगाळ, मधे उजेडाचा खांब, आणि त्या उजेडात आमच्या गल्लीतले एक भाऊ. भावी नगरसेवक. पांढरा शर्ट, गॉगल, हात जोडलेले. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. म्हैस खोडली होती. आजी मात्र राहिली होती, कारण तिच्यावर कुणाचे लक्ष गेले नसावे. तिच्या हातातले दावे वर भाऊंच्या पायाशी जाऊन संपत होते.

मी भाजी विसरून तिथेच उभी राहिले. आधी हसू आले. मग फ्लेक्सवरची नावे वाचली. खाली शुभेच्छुक म्हणून २३ जणांचे फोटो, प्रत्येकाचे नाव, काहींची टोपणनावेही. उजव्या कोपऱ्यात, जिथे माझे नाव होते बरोब्बर तिथे, फ्लेक्सच्या दुकानाचे नाव आणि मोबाईल नंबर. फ्लेक्सवर ज्याचा हात लागला त्या प्रत्येकाचे नाव होते, चित्र जिने काढले तिचे सोडून. आणि तेवढ्यात डावीकडे खाली हत्ती दिसला. सोंडेवर माझी मुंगी. फोनवरचे चित्र एवढे ताणल्यावर ती वीतभर झाली होती, चौकोन चौकोन दिसत होते, पण सहा पाय शाबूत.

दुकानात गेले. पोरगा चांगला होता, खोटे कशाला बोलू.

“हे चित्र कुठून घेतलं?”

“नेटवरचं हाय ताई.”

“नेटवर कुणाचं?”

“कुणाचं म्हंजे? नेटचंच की.”

मी काढले आहे म्हटल्यावर तो उभाच राहिला. “व्हय? लई भारी काढलंय ओ!” चहा मागवला. मग म्हणाला, “ती म्हस घालवायला दोन तास गेलं बघा. लई बारीक काढलीय तुम्ही, केस न् केस.” डिझाईनचे किती लावले म्हणून विचारले. पाचशे. कुणाच्या डिझाईनचे? त्याला प्रश्न कळला नाही, आणि कळल्यावर तो खरेच ओशाळला. पुढच्या फ्लेक्सला मला सवलत देईन म्हणाला. मला फ्लेक्स कशाला लागणार?

मी तक्रार केली नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा चांगला आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला विकून टाकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो, आणि त्याच्या नावलौकिकाला बाध येईल अशी मोडतोड कुणी केली तर दाद मागता येते. म्हैस पुसून माणूस बसवणे या मोडतोडीत बसते का, ते वकिलांनी ठरवावे. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता, आणि भाऊ रोज समोरून जातात.

आता लेखाकडे. लेखकांचा मुद्दा असा की तुम्ही स्वतः दुसऱ्यांची पात्रे घेता, मग तुमच्या चित्राचे कुणी काही केले तर तक्रार कसली? प्रश्न रास्त आहे. त्याला झटकून टाकणारे चित्रकार मला आवडत नाहीत. मी परक्या गोष्टींतली पात्रे काढते. परदेशी चित्रपटातला यंत्रमानव मी नरसोबाच्या वाडीच्या घाटावर बसवून त्याच्या हातात कंदी पेढे दिले आहेत. खाली मूळ पात्र कुणाचे ते लिहिले आहे. ते चित्र मी विकत नाही, आणि पात्राच्या धन्याने उद्या काढून टाका म्हटले तर काढीन. कायद्याने माझी बाजू पुरती भक्कम आहे असा माझा दावा नाही. मूळ लेखक हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षे हक्क त्यांच्याकडे असतो, आणि त्यांच्या अंगणात मी न विचारता खेळते आहे हे मला कळते.

एक कबुलीही देते. सात-आठ वर्षांपूर्वी शाळेच्या आनंदमेळ्यात मी एका प्रसिद्ध जादूगार पोराच्या चित्रांचे पुस्तकखुणांचे पट्टे करून विकले. ४० पट्टे, तीस रुपयांना एक. बाराशे रुपये झाले. तेव्हा गंमत वाटली होती. त्या दिवशी चौकात फ्लेक्सपुढे उभी असताना ते बाराशे आठवले. ‘वरून’ लिहिले होते की नव्हते, तेही आठवेना. फ्लेक्सच्या दुकानात मी आवाज चढवला नाही त्यामागे हेही एक कारण होते.

पण चोरी आणि ‘वरून’ यांत फरक नाही असे कुणी म्हणाले तर ते मी मानणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतली चित्रे एकेक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या. राजा रविवर्म्याने हंसाशी बोलणारी दमयंती काढली ती महाभारतातली, आणि त्याच्या छापखान्याने, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, असली चित्रे घराघरांत पोचवली. ऐकलेल्या गोष्टीतले माणूस डोळ्यांपुढे आणावेसे वाटणे हा रोग आजच्या पोरांना झालेला नाही. परदेशी राक्षसांचे म्हणाल तर आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर पायाखाली हत्ती चिरडणारे शरभ आहेत, देवळांत मकर आहेत, व्याल आहेत. पोरांना ते दाखवले तर ती तेही काढतात. मी दाखवले आहेत. एका पोरीने शरभाला दाताची तार बसवली, कारण तिला स्वतःला नुकतीच बसवली होती. उसने घेतलेले असेच अंगचे होत जाते.

माझे एक नातेवाईक आहेत, निवृत्त, सगळ्याच विषयांत तयारीचे. त्यांना फ्लेक्सची गोष्ट सांगितली तर म्हणाले, “नावाचा एवढा सोस कशाला? वेरूळला कुठे सह्या आहेत? पिंगुळीच्या चित्रांवर आहेत का?” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. सुचले ते चार दिवसांनी, हरिपाठाच्या आवाजात. आपल्या संतांनी नाव मागे ठेवले नाही असे कोण म्हणते? तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. अभंगाच्या शेवटी नाव विणलेले आहे. कापायचे तर ओळच कापावी लागते आणि अभंग लंगडा होतो. माझ्या मुंगीच्या आजीचा तो अभंग, त्यातही शेवटच्या ओळीत मुक्ताई हसते आणि हसता हसता नाव सांगून जाते. सोस मुक्ताईला होता असे म्हणायची माझ्या नातेवाइकांची तयारी आहे का, ते अजून विचारलेले नाही.

आणि नाव लपवायचे असेल तर तेही ज्याचे त्याने लपवावे. १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. आपल्या मोठ्या नावामुळे परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढ्यासाठी. कथेला बक्षीस मिळाले. मराठीत विज्ञानकथा लिहिणारे आणि त्यावर माझ्यासारखी चित्रे काढणारे आम्ही सगळे ही गोष्ट एकमेकांना सांगत असतो. ते नाव त्यांनी स्वतः झाकले होते. पानावर रकाना उतरवायचा म्हणून दुसऱ्या कुणी कापले नव्हते.

चित्रकाराला मान देणे मराठी छापील जगाला नवीन आहे असेही नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे चित्राला मान आहे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढला. रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठावरची सही आमच्या आजोबांना लांबून ओळखू यायची, आणि ती बघून ते अंक उचलायचे. दोघेही गोव्याकडचे. आज दिवाळी अंकांत ‘मुखपृष्ठ’ आणि ‘सजावट’ यांपुढे नाव असते, पण आतल्या चित्रांचे काय होते ते मी अनुभवले आहे. एका अंकासाठी मी चार विज्ञानकथांची चित्रे केली. संपादक म्हणाले, मानधन जमणार नाही, पण नाव ठळक छापू. अंक आला. लेखकांची नावे होती, टंकलेखन करणाऱ्यांचे होते, मुद्रितशोधकांचे होते. फोन केला तर म्हणाले, “अहो, राहूनच गेलं. पुढच्या वर्षी दोनदा छापू.” पुढच्या वर्षी अंक निघाला नाही.

यंत्राने काढलेल्या चित्रांवर इथे लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. २०२५ च्या मार्चमध्ये जो तो आपला फोटो एका जपानी स्टुडिओच्या धाटणीत करून घेत होता, तेव्हा आमच्या आत्याने माझाही करून पाठवला आणि लिहिले, “तुझं काम सोपं झालं गं आता!” मी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. आत्याशी वाद घालायचा नसतो.

आपल्याकडे मागणे साधे आहे. ‘साभार’ म्हणजे आभारासह. आभार माणसाचे मानतात. पोस्टाने पत्र आले म्हणून कुणी ‘साभार : टपालखाते’ छापत नाही. नाव सापडत नसेल तर ते चित्र छापू नका. लेखाला चित्र हवेच असेल तर आपल्या वितरणाच्या प्रत्येक तालुक्यात इंटरमिजिएट झालेली, टॅबलेटवर किंवा पाठकोऱ्या कागदावर याने आणि राक्षस काढणारी पोरे आहेत. त्यांना सांगा. दोन दिवसांत काढून देतील, आणि नाव छापून आलेले पान त्यांची आई कपाटाच्या काचेला आतून चिकटवून ठेवील.

राहिली इंडोनेशियातली मुलगी. तिला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले की तुझे चित्र आमच्याकडच्या मराठी वर्तमानपत्रात आले आहे, सोबत पानाचा फोटो. मला वाटले चिडेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. तिला आनंदच झाला होता. तिने विचारले, ही कुठली लिपी, किती सुंदर आहे, आणि चित्राखाली जे बारीक लिहिले आहे ते माझे नाव आहे ना?

ते काय आहे हे मला तिला सांगावे लागले.

तिने हसणारा चेहरा पाठवला. मग थोड्या वेळाने लिहिले, माझे नाव तुमच्या लिपीत कसे दिसते ते बघायचे होते. मी बोरू काढला, जाड कागदावर तिचे नाव देवनागरीत लिहिले आणि फोटो पाठवला. तिने तो आता तिच्या पानावर वर लावला आहे. तोच कागद या पत्रासोबत जोडते आहे. तिची परवानगी घेतली आहे. ते नाव पत्राच्या मजकुरात मुद्दाम घातलेले नाही, इथे ते गर्दीत हरवेल. येत्या रविवारी पुरवणीच्या त्याच पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे चौथा रकाना उतरला होता तिथे छापावे.

माझे पूर्ण नाव आणि पत्ता आपल्या नियमाप्रमाणे वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये. भाऊ आपलेच वर्तमानपत्र घेतात आणि सकाळी चौकात मोठ्याने वाचतात. नावाच्या जागी सोबतच्या चिठ्ठीवरची मुंगी छापता आली तर पाहा. शाईने काढली आहे, पाय बारीक आहेत, छपाईत पुसट येतील. जागा नसेल तर मोकळे सोडा, पण खाली ‘साभार : इंटरनेट’ लिहू नका.

आपली,
एक चित्रकार वाचक
जयसिंगपूर, ता. शिरोळ